टोपलीशेजारचा क्यूआर: बाजारात बसणाऱ्या आईसाठी, मावशीसाठी

माझी आई मालवणच्या बाजारात मासळी विकते. तिच्या टोपलीसमोर थांबणाऱ्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न पूर्वी "ताजी आहे ना?" हा असायचा. आता "मावशी, जीपे चालतं?" हा असतो. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला आलेले पर्यटक, गणपतीला आलेले चाकरमानी, यांच्या खिशात असली तर पाचशेची नोट असते, सुटे नसतातच. 'नाही चालत' म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या टोपलीकडे वळतं. त्यामुळे क्यूआर लावावा की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. तो नीट कसा लावायचा, एवढाच आहे.

आम्ही तो आधी चुकीचा लावला. घाईगडबडीत भावाच्या खात्याचा क्यूआर छापून टोपलीला टेकवून ठेवला. भाऊ कुडाळला नोकरी करतो, मुलगा सरळ आहे, एका पैशाची अफरातफर नाही. पण आज किती जमा झाले हे कळायला आईला रोज संध्याकाळी त्याला फोन करावा लागायचा. एकदा त्याच्या खात्यातून गाडीचा हप्ता आपोआप कापला गेला आणि त्याच संध्याकाळी लिलावात बोटवाल्याला द्यायला आईकडे पैसे कमी पडले. आई भावावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "माझे पैसे माका इचारल्याशिवाय कशे गेले?"

त्या प्रश्नानंतर आम्ही सगळं नव्याने केलं. तुम्ही आईसाठी, सासूबाईंसाठी, शेजारच्या मावशींसाठी हे करून देणार असाल तर पहिल्या दिवसापासून असंच करा: खातं तिच्या नावावर, सिम तिचं, फोन तिच्या हातात, पिन फक्त तिला ठाऊक.

१. आधी बँकेत जा, फोन नंतर

बहुतेक जण अ‍ॅपपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. आधी पासबुक घेऊन बँकेत जा आणि चार गोष्टी विचारा.

खातं चालू आहे का? दोन वर्षं खातेदाराने स्वतः काहीच व्यवहार केला नसेल तर बँक खातं निष्क्रिय ठरवते. केवायसी पूर्ण आहे का? खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणता? आमच्या बाबतीत तो बाबांच्या जुन्या, कधीच बंद पडलेल्या सिमचा निघाला. तो बदलण्यातच आमचे दोन हेलपाटे झाले.

चौथा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही: खातं 'स्मॉल अकाउंट' आहे का? पुरेशी कागदपत्रं न देता उघडलेल्या अशा खात्यात वर्षभरात एकूण १ लाख रुपयेच जमा होऊ शकतात, शिल्लक ५० हजारांच्या वर ठेवता येत नाही आणि महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त बाहेर काढता येत नाहीत. रोज हजार-दीड हजाराची मासळी क्यूआरवर विकली गेली तर लाखाची मर्यादा तीन महिन्यांत संपेल आणि भर हंगामात खातं अडेल. आधार आणि पॅन देऊन ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

जमलं तर धंद्याचं खातं वेगळंच ठेवा. सरकारी योजनांचे पैसे, गॅसचं अनुदान एका खात्यात आणि बाजाराचे दुसऱ्यात. याचा उपयोग पुढे फसवणुकीच्या भागात लक्षात येईल.

२. काय काय लागेल

- तिच्या नावाचं पासबुक
- आधार कार्ड, शक्यतो बँकेला दिलेलाच मोबाइल नंबर जोडलेलं
- पॅन कार्ड (दुकानदाराचा क्यूआर आणि बोलणारा डबा, म्हणजे पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स, घेताना मागतात)
- एटीएम कार्ड असेल तर. नसेल तरी आधारच्या ओटीपीवर यूपीआय पिन तयार करता येतो, मात्र त्यासाठी आधार आणि बँक दोन्हीकडे एकच नंबर हवा
- साधा स्मार्टफोन. भारीतला नको, पण बॅटरी दिवसभर टिकणारा हवा
- नगरपरिषदेचं फेरीवाला ओळखपत्र किंवा बाजारातल्या जागेची पावती असेल तर

शेवटचा कागद क्यूआरसाठी सक्तीचा नाही. पण २०२० साली सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना बिनतारण कर्ज मिळतं. पहिलं कर्ज आधी १० हजारांपर्यंत होतं, २०२५ मध्ये ते १५ हजारांपर्यंत झालं, आणि डिजिटल व्यवहार करणाऱ्यांना थोडा कॅशबॅकही मिळतो. बँकेत गेलाच आहात तर त्याची चौकशी करून या.

३. सिमचा रिचार्ज बघा

नोंदणी करताना अ‍ॅप फोनमधून स्वतःहून एक एसएमएस पाठवतं. खातं याच सिमशी जोडलेलं आहे याची खात्री त्यातून होते. सिमचा रिचार्ज संपलेला असेल तर तो एसएमएस जात नाही आणि पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. फोनमध्ये दोन सिम असतील तर बँकेला दिलेलं सिमच निवडा. आम्ही तासभर अ‍ॅपला दोष देत बसलो होतो आणि चूक एवढीच होती.

अ‍ॅप कोणतंही चालेल. २०१६ च्या डिसेंबरमध्ये आलेलं भीम असो, फोनपे, गुगल पे किंवा पेटीएम असो, खाली यूपीआय एकच आहे आणि एका अ‍ॅपवरून दुसऱ्या अ‍ॅपवर पैसे जातात. भाषा मात्र पहिल्याच पडद्यावर मराठी निवडा.

नव्या नोंदणीनंतर पहिले २४ तास साधारण ५ हजार रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात. पैसे येण्यावर हे बंधन नाही. तरी पहिल्याच संध्याकाळी लिलावाची मोठी रक्कम फोनवरून द्यायचं ठरवू नका. पुढे दिवसाची मर्यादा साधारणपणे १ लाखाची असते.

४. पिन तिनेच ठरवायचा

इथे फोन तिच्या हातात द्या आणि तोंड फिरवून उभे राहा. हे मी अगदी मनापासून सांगते. आपण घाईत असतो, 'दे गो, मी टाकतंय' असं सहज म्हणून जातो आणि तिथून पुढे ती प्रत्येक वेळी आपल्यावर अवलंबून राहते.

जन्मसाल नको, १२३४ नको, मोबाइल नंबरचे शेवटचे आकडे नकोत. आईने कोणता पिन ठेवला ते मला आजही माहीत नाही. कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवायची सवय अनेकांना असते, ती मात्र मोडा. फोन हरवला तर पिनही त्याच्याबरोबर जातो.

मग तिच्याकडून एक वाक्य म्हणवून घ्या: पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला लागत नाही. शिल्लक बघताना तो टाकावा लागतो, तेवढा एकच अपवाद. आईने हे पाठ केलंय, तेव्हापासून तिची अर्धी भीती गेली.

५. क्यूआर: कागद नको

तुमच्या वैयक्तिक अ‍ॅपमध्ये एक क्यूआर तयार असतोच. त्यावर आलेले पैसे थेट खात्यात पडतात. दुकानदाराचा क्यूआर वेगळा. त्याच्यासोबत बोलणारा डबा मिळतो, दिवसाचा हिशेब वेगळा दिसतो. पण काही कंपन्या ते पैसे रात्री किंवा दुसऱ्या दिवशी खात्यात वळते करतात. अ‍ॅपमध्ये चार हजार दिसतात आणि लिलावाच्या वेळी खात्यात मात्र नसतात, अशी पंचाईत होते. म्हणून घेतानाच विचारा, "खात्यात कधी जमा होणार?" सही त्यानंतर.

बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर दुकानदाराला शुल्क नाही. १ जानेवारी २०२० पासूनचा हा नियम आहे. डब्याचं मासिक भाडं वेगळं, ते करारावर लिहिलेलं असतं. कुणी 'क्यूआरचे टक्के' मागितले तर देऊ नका.

मासळी बाजारातली खरी अडचण म्हणजे पाणी. बर्फाचं पाणी, मीठ, खवले. कागदी क्यूआर तिसऱ्या दिवशी सुरकुतला आणि आठव्या दिवशी कॅमेऱ्याला वाचता येईना. लॅमिनेशनच्या कडेतूनही पाणी शिरतं. शेवटी आम्ही क्यूआर जाड अ‍ॅक्रिलिकच्या पाटीवर करून घेतला आणि टोपलीच्या उजव्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या कमरेच्या उंचीवर, काठीला बांधला. खाली ठेवला तर वाकून स्कॅन करताना माणसाची सावली नेमकी त्यावर पडते. पाटीवर आईचं बँकेतलं नाव मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलंय, का ते पुढे सांगते.

६. बोलणारा डबा घ्याच

किराणा दुकानदार हात पुसून फोन बघू शकतो. मासळी कापणाऱ्या बाईचे दोन्ही हात ओले असतात. ओल्या बोटाला फोनचा पडदा दाद देत नाही, अंगठ्याचा ठसा लागत नाही, आणि फोन सारखा पदराखालून काढला तर आठवड्यात त्याला बांगड्याचा वास लागतो. डब्याला हात लावावा लागत नाही. 'एकशे ऐंशी रुपये मिळाले' असं तो बोलला की झालं.

आई त्याला 'डबो' म्हणते. गिऱ्हाईक म्हणतं, "पाठवले." आई पिशवीचा बंद सोडत नाही, आवाजही चढवत नाही. शेजारच्या काकींना विचारते, "डबो बोललो काय गो?" बोलला असेल तर पिशवी सुटते आणि वर एखादा पेडवा जास्तीचा पडतो.

तीन गोष्टी सांभाळा. डब्यात स्वतःचं सिम असतं, त्यामुळे बाजारात ज्या कंपनीची रेंज चांगली तेच सिम मागा. भाषा मराठी आणि आवाज सगळ्यात मोठा ठेवा. रात्री फोनसोबत डबाही चार्जिंगला लावा. डबा जाड, पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत घालून ठेवला तर खारं पाणी आत जात नाही आणि आवाजही अडत नाही.

७. गर्दीतला रिवाज ठरवून टाका

फोनने बाजाराचं बोलणंच बदललंय. रोख होती तेव्हा "दोनशे दे, वीस सोड" असा भाव तुटायचा, सुट्यांवरून गप्पा व्हायच्या. आता गिऱ्हाईक अचूक रक्कम टाकतं, मान फोनमध्ये, आणि आपण कुणाकडून मासळी घेतली हेही न बघता निघून जातं. आईला हे सुरुवातीला फार लागलं. म्हणून तिने एक रिवाज ठेवला: रक्कम ती मोठ्याने सांगते, गिऱ्हाइकाकडून परत म्हणवून घेते, मग स्कॅन. "एकशे ऐंशी ना?" "हो मावशी, एकशे ऐंशी." यात मान वर होते आणि चूकही टळते. १८० ऐवजी १८ टाकलेले, किंवा १८०० टाकून घाबरलेले, असे दोन्ही प्रकार आम्ही पाहिलेत.

दुसरा रिवाज नावाचा. स्कॅन केल्यावर गिऱ्हाइकाच्या पडद्यावर खातेदाराचं नाव येतं. ते वाचायला सांगा. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नाव आणि हे नाव एकच हवं. रात्रीत कुणी आपल्या क्यूआरवर दुसराच क्यूआर चिकटवून गेला तर पहिल्याच गिऱ्हाइकाला ते कळेल. सकाळी बसताना पाटीवरून एकदा नखही फिरवा, वर चिकटवलेला कागद लगेच लागतो.

उधारी वहीतच राहू दे. नेहमीची माणसं 'रात्री पाठवते' म्हणतात आणि पाठवतातही, पण डबा घरी चार्जिंगला असतो, नोंद राहून जाते. आई सकाळी वही आणि अ‍ॅपमधली यादी शेजारी ठेवून आलेल्या नावांवर काट मारते. यादी बघायला ती आता मला हाक मारत नाही.

८. फसवणूक कशी होते

हा भाग घाईत वाचू नका.

*खोटी पावती.* पडद्यावर हिरवी खूण आणि रक्कम दाखवणारी बनावट अ‍ॅप्स असतात. गिऱ्हाइकाचा फोन हा पुरावा नाही. डबा बोलला किंवा आपल्या खात्यात दिसलं, तरच पैसे आले. रेंज नसेल तर दोन मिनिटं थांबवा. खरा माणूस थांबतो.

*मोठी ऑर्डर.* फोन येतो: "आम्ही मिलिटरीतले, कॅम्पसाठी वीस किलो सुरमई हवी, आगाऊ पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा." होमस्टेवाल्यांनाही हेच फोन येतात, खोल्या बुक करायच्या नावाने. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्याकडे पैसे मागायची 'कलेक्ट रिक्वेस्ट' १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली गेली, पण क्यूआर पाठवण्याचा खेळ तेवढ्याने थांबत नाही. चौथ्या पायरीतलं वाक्य आठवा.

*चुकून जास्त आले.* "मावशी, पाचशेऐवजी पाच हजार गेले, साडेचार परत करा." सोबत एक एसएमएसही येतो, बँकेचा वाटावा असा. आधी स्वतःच्या खात्यातली शिल्लक बघा. खरंच जास्त आले असतील तर त्याला त्याच्या बँकेत तक्रार करू द्या, ते पैसे बँकेमार्फत परत जातील.

*रोख द्या, मी ऑनलाइन टाकतो.* पर्यटनाच्या गावात हे रोज घडतं. एटीएम रिकामं असतं आणि अनोळखी माणूस दोन-तीन हजार रोख मागतो. द्यावेसे वाटतात, कारण पाहुण्याला नाही म्हणणं आपल्या जिवावर येतं. पण त्याने टाकलेले पैसे कुणाच्या तरी लुबाडलेल्या खात्यातून आलेले असतील, तर पोलीस तपासात आपल्या खात्यातली तेवढी रक्कम, कधी कधी अख्खं खातं गोठतं. सोडवायला महिने जातात. आमच्या ओळखीच्या एका नारळपाणीवाल्याचं असंच झालं, आणि त्याच खात्यात मुलीच्या कॉलेजची फी ठेवलेली होती. धंद्याचं खातं वेगळं ठेवायला मी सांगितलं ते यासाठी. अनोळखी माणसाला रोख देऊ नका, मासळीचेच पैसे घ्या.

*लग्नपत्रिका किंवा दंडाची पावती.* व्हॉट्सअ‍ॅपवर अशा नावाने आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) उघडू नका, पाठवणारा ओळखीचा असला तरी. त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

फसलातच तर लाजून गप्प बसू नका. त्याच क्षणी १९३० वर फोन करा, बँकेलाही कळवा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत फोन गेला तर ते अडवता येतात, म्हणून पहिला तास फार मोलाचा.

९. पैसे कापले पण आले नाहीत

गिऱ्हाईक खरं बोलत असतं आणि तरी डबा गप्प असतो, असंही होतं. त्याच्याकडून १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार असे पैसे दुकानदाराच्या व्यवहारात व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत, आणि व्यक्तीकडून व्यक्तीकडच्या व्यवहारात एका दिवसात परत जायला हवेत. उशीर झाला तर बँकेने खातेदाराला रोज १०० रुपये भरपाई द्यायची असते. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की भांडण तिथेच मिटतं. बँकेने तीस दिवसांत तक्रारीची दाद घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीचा नंबर १४४४८.

१०. तिच्या खर्चासाठी यूपीआय लाइट

पैसे आले की ते खर्चही तिलाच करता यायला हवेत. चहा, रिक्षा, बर्फ अशा किरकोळ खर्चाला अ‍ॅपमध्ये यूपीआय लाइट सुरू करून द्या. त्यात ५ हजारांपर्यंत ठेवता येतात, एका वेळी १ हजारापर्यंत पिनशिवाय देता येतात, आणि पासबुक दहा-दहा रुपयांच्या नोंदींनी भरत नाही. पिन लागत नाही म्हणूनच फोनला लॉक हवा. एसटीच्या वाहकाकडच्या नव्या मशीनवरही यूपीआयने तिकीट मिळतं, फक्त घाटात रेंज गेली तर सुटे जवळ असू देत.

साधा बटणांचा फोन असेल तर २०२२ मध्ये आलेलं यूपीआय १२३पे आहे, किंवा *९९# डायल करून इंटरनेटशिवाय पैसे पाठवता येतात. दोन्ही जरा सावकाश चालतात, पण चालतात.

'यूपीआय घेतलं की जीएसटीची नोटीस येते' असं बाजारात कुणीतरी सांगतंच. ताज्या मासळीवर जीएसटी नाही. घाबरून क्यूआर काढू नका.

११. रोकड सोडू नका

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर बंद होते. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने आमच्या सिंधुदुर्गाला झोडपलं. अशा दिवसांत खात्यातल्या पैशाने मेणबत्तीही येत नाही. आई पावसाच्या तोंडावर पंधरा दिवसांचा घरखर्च आणि एका लिलावापुरती रक्कम नोटांत काढून तांदळाच्या डब्यात, तांदळाखाली ठेवते. दहा-वीसच्या नोटा वेगळ्या.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत बोलणारा डबा नुसता पडून राहतो आणि भाडं मात्र कापलं जातं. मे अखेरीस कंपनीला फोन करून भाडं थांबवता येतं का विचारा, नाहीतर खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. सिमचा रिचार्ज मात्र संपू देऊ नका, नाहीतर ऑगस्टमध्ये पुन्हा तिसऱ्या पायरीवर येऊन बसाल.

हंगामाच्या पहिल्या दिवशी घरातून निघण्याआधी डबा चालू करा, पाटी पुसा, आणि तुमच्या फोनवरून तिच्या क्यूआरवर एक रुपया टाका. नाव वाचा. डबा बोलला की टोपली उचला.